माळरानावरील एका गावाची पुनर्घडण

अहिल्यानगर शहराच्या पश्चिमेस सुमारे १७ किलोमीटरवर, बोडक्या डोंगरांच्या कुशीत हिवरे बाजार हे गाव वसलेले आहे. २०२४ पर्यंत हे शहर व हा जिल्हा अहमदनगर या नावाने ओळखला जात असे. गावाचे एकंदर क्षेत्र सुमारे ९७६ हेक्टर असून लोकवस्ती हजार-बाराशेच्या घरात आहे. नावात ‘बाजार’ असला तरी बाजारपेठ म्हणावी असे येथे काही नाही. सह्याद्री ओलांडून येणारे ढग या पट्ट्यात पोहोचेपर्यंत बहुतांशी रिते झालेले असतात. वर्षाकाठी सरासरी ४०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही मोजक्या दिवसांत आणि बहुधा सरींच्या स्वरूपात कोसळणारा.

पाऊस कमी म्हणजे पाणी कमी, असा समज सर्वसाधारणपणे असतो. तो पुरता खरा नाही. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर त्याचे १०,००० लिटर पाणी होते. या हिशेबाने ४०० मिलिमीटर पावसात हिवरे बाजारच्या शिवारावर सुमारे ३९० कोटी लिटर पाणी पडते. यातील बराच भाग उन्हाने उडून जातो, बराचसा पिके व गवत शोषून घेतात, आणि उरलेले एकतर ओढ्याने वाहून जाते किंवा जमिनीत मुरते. हे पाणी वाहून जावे की मुरावे, आणि मुरलेले पाणी कोणी किती उपसावे, या दोन प्रश्नांवर या गावाचा गेल्या अर्धशतकाचा इतिहास फिरतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्थापत्यशास्त्राकडे आहे. दुसऱ्याचे मात्र गावकऱ्यांनी एकत्र बसून शोधावे लागते, आणि तेच अधिक कठीण असते.

डोंगरांवरील झाडी सरपणासाठी तुटत गेली, उरलेले गवत शेळ्या-मेंढ्यांनी मुळापासून खुरडले. आच्छादन गेल्यावर पावसाचा थेंब थेट मातीवर आपटू लागला आणि माती पाण्याबरोबर ओढ्याला लागली. अशा अवस्थेत १९७२ चा दुष्काळ आला. विहिरी आटल्या, जनावरे गेली, आणि कामाच्या शोधात कुटुंबे पुण्या-मुंबईकडे निघाली. ज्यांनी मागे राहायचे ठरविले त्यांच्यापैकी काहींनी हातभट्टीचा धंदा पत्करला. दारूमागून भांडणे व मारामाऱ्या आल्या. सरकारी नोकरांची या गावी बदली होते ती शिक्षा म्हणूनच, असे त्या काळी बोलले जाई.

गवताळ प्रदेशातील वस्त्या अशा रीतीने ओस पडल्याची उदाहरणे अन्यत्रही आहेत. उत्तर अमेरिकेच्या मध्यभागी पसरलेल्या विस्तीर्ण तृणभूमीत १८६२ च्या कायद्यान्वये वसाहतकारांना जमिनी वाटण्यात आल्या. शतकानुशतके माती धरून ठेवणारे गवत नांगराखाली गेले. १९३० च्या दशकात अवर्षण पडले तेव्हा उघडी माती वाऱ्याबरोबर उडाली आणि लक्षावधी लोकांनी घरे सोडली. तेथील केंद्र सरकारने १९३५ मध्ये मृद्‌संधारणासाठी स्वतंत्र खाते उभारले. परंतु केवळ खाते पुरेसे नाही, हे लवकरच उमगले, आणि शेतकऱ्यांनी स्वतः चालवावयाची स्थानिक मृद्‌संधारण मंडळे स्थापन करण्यात आली. माती एकाच्या शेतातून दुसऱ्याच्या शेतात जाते, तेव्हा तिचा बंदोबस्त एकट्या-दुकट्याने करता येत नाही. दख्खनच्या माळावरील अनुभव याहून निराळा नाही.

१९८९ मध्ये हिवरे बाजारच्या लोकांनी पोपटराव पवार या तरुणास सरपंच म्हणून बिनविरोध निवडून दिले. वाणिज्य शाखेची पदव्युत्तर पदवी घेतलेला, विद्यापीठाच्या पातळीवर क्रिकेट खेळलेला हा तरुण शहरात नोकरी करील, अशीच घरच्यांची अपेक्षा होती. आरंभी त्यांनी शाळेच्या सुधारणेत लक्ष घातले. ही निवड विचारपूर्वक केलेली दिसते. पाण्याच्या कामात कोणाच्या शेताला किती लाभ, हा वाद पहिल्या दिवसापासून असतो, तर शाळेच्या बाबतीत गावातील दोन तटांनाही एकत्र येण्यास फारशी अडचण नसते. हातभट्ट्या बंद करण्याचा ठराव झाला तेव्हा त्या चालविणाऱ्यांस अन्य व्यवसायासाठी बँकेचे कर्ज मिळवून देण्याची खटपटही करण्यात आली. केवळ बंदी घालून भागत नाही, हे गावाने वेळीच ओळखले होते.

अनुकरणासाठी नमुना जवळच होता. त्याच जिल्ह्यातील पारनेर तालुक्यात राळेगण सिद्धी येथे अण्णा हजारे यांच्या नेतृत्वाखाली १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पाणलोट विकासाचे काम चालू होते. त्या अनुभवाच्या आधारे महाराष्ट्र शासनाने १९९२ मध्ये आदर्श गाव योजना सुरू केली. योजनेत सामील होऊ इच्छिणाऱ्या गावास कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी व श्रमदान या पाच गोष्टी मान्य कराव्या लागत. हिवरे बाजारच्या रहिवाशांनी कामासाठी १९९३ मध्ये स्वतःची संस्था स्थापन केली आणि पुढे गाव या योजनेत आले. रोजगार हमी योजनेचा पैसाही याच कामी लावण्यात आला.

कामाची दिशा माथ्याकडून पायथ्याकडे अशी होती. डोंगरउतारावर समान उंचीच्या रेषेत सलग चर खणले, म्हणजे उतरणारे पाणी अडून जागीच मुरते. त्याखाली ओढ्यांत दगडी व मातीचे बांध, आणि सर्वांत खाली पाझर तलाव. वरची कामे टाळून आधी खाली तलाव बांधला, तर दोन-चार पावसाळ्यांत तो गाळाने भरून निरुपयोगी होतो. हा साधा नियम महाराष्ट्रातील अनेक ठिकाणी मोडला गेला आहे. खाली बांधलेला तलाव सर्वांच्या नजरेत भरतो, डोंगरावरचा चर कोणी पाहावयास जात नाही, हे त्याचे एक कारण असावे.

येथे दख्खनच्या खडकाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. हा प्रदेश लाव्हारसाच्या थरांनी बनलेला आहे. वरच्या थरातील खडक झिजून त्याचा मुरूम झालेला असतो. त्यात व खडकाच्या भेगांत पाणी साठते, आणि खाली अभेद्य कातळ लागतो. गंगेच्या गाळाच्या मैदानात असतो तसा खोल जलसाठा येथे नाही. मुरमातील साठा म्हणजे एक उथळ परात होय. ती एका पावसाळ्यात भरू शकते आणि एका उन्हाळ्यात रिकामी होऊ शकते. एखाद्याने खोल बोअर मारून भेगांतील पाणी ओढले, की भोवतालच्या विहिरींची पातळी उतरते. एकाचे ऊस-केळीचे हिरवे शेत म्हणजे दहांच्या कोरड्या विहिरी, हा अनुभव नवा नाही.

म्हणूनच हिवरे बाजारच्या ग्रामसभेने शेतीसाठी बोअर घेण्यास मनाई केली आणि ऊस व केळी यांसारखी अतिपाण्याची पिके वर्ज्य ठरविली. विहिरीतील पाणी जमीनमालकाचे, ही समजूत १८८२ च्या सुखाधिकार कायद्यापासून रूढ झालेली आहे. त्यामुळे गावाच्या या नियमामागील बळ मुख्यतः परस्परांच्या संमतीचे होते.

या संमतीस हिशेबाची जोड मिळाली ती जलअंदाजपत्रकामुळे. गावात पर्जन्यमापक बसविण्यात आले, ठराविक विहिरींची पातळी मोजली जाऊ लागली, आणि २००४ च्या सुमारापासून, भूजल खात्याच्या साहाय्याने, वर्षभराच्या पाण्याचा जमाखर्च ग्रामसभेपुढे मांडला जाऊ लागला. प्रथम माणसे व जनावरे यांच्या पिण्याचे पाणी बाजूस काढावयाचे, उरलेल्यातून पिकांचा विचार करावयाचा. पाऊस १०० मिलिमीटरने उणा पडला म्हणजे शिवारावर सुमारे ९८ कोटी लिटर पाणी कमी पडले. मग गहू घ्यावयाचा की नाही, उन्हाळी पीक सोडावयाचे की काय, हे तेथेच ठरते. विहिरीला पाणी दिसत असताना शेत पडीक ठेवणे शेतकऱ्याच्या जिवावर येते. मात्र आकडे सर्वांसमक्ष मांडले गेले आणि शेजाऱ्यानेही तेच केले, तर तो ते सोसतो.

परिणाम पुष्कळदा नोंदले गेले आहेत. १९९० च्या दशकाच्या मध्यास गावात दिवसाला सुमारे १५० लिटर दूध निघे, ते पुढे ४,००० लिटरांवर गेले. १९९५ मध्ये १६८ कुटुंबे दारिद्र्यरेषेखाली होती. दीड दशकात त्यांची संख्या तीनवर आली. शहरांत गेलेली अनेक कुटुंबे परतली. २००७ मध्ये गावास राष्ट्रीय जल पुरस्कार मिळाला आणि २०२० मध्ये पवार यांना पद्मश्री जाहीर झाली. पाऊस तेवढाच राहिला.

तथापि या लाभाचा भार सर्वांनी सारखा उचलला काय, हा प्रश्न अभ्यासकांनी उपस्थित केला आहे आणि तो टाळता येण्याजोगा नाही. चराईबंदीचा पहिला घाव शेळ्या पाळणाऱ्यावर बसतो. ज्याला जमीन नाही, त्याची शेळी हीच बँक असते. डोंगरावर गवत वाढले आणि ते कापून नेण्याची मुभा मिळाली, म्हणजे गाय-म्हैस पाळणाऱ्यास फायदा होतो. परंतु म्हैस घेण्यास भांडवल लागते. विहिरींना पाणी आले, पण विहीर ज्याच्या शेतात त्याचे ते पाणी. भूमिहीनाच्या वाट्यास आली ती वाढलेली मजुरी. ही गोष्ट क्षुल्लक नव्हे, पण तो हक्कही नव्हे.

या बाबतीत पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्याचा प्रयोग अधिक पुढे गेला होता. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे या अभियंत्याने नायगाव येथे पाणी पंचायतीची कल्पना रुजविली. तीत पाण्याचा वाटा जमिनीच्या प्रमाणात न देता घरातील माणसांच्या संख्येप्रमाणे देण्यात आला. माणशी अर्धा एकर भिजेल इतके पाणी, आणि कुटुंबास अधिकाधिक अडीच एकरांपुरते. भूमिहीनांचाही पाण्यावर हक्क मानण्यात आला. ऊस येथेही वर्ज्य होता. हा विचार न्यायाच्या दृष्टीने निःसंशय श्रेष्ठ होय. परंतु मोठ्या जमीनदाराने स्वेच्छेने वाटा सोडावा, अशी त्याची अट असल्याने तो फार पसरला नाही.

हिवरे बाजारचे काही नियम पाण्यापुरते मर्यादित नव्हते. बाहेरच्यास जमीन विकावयाची नाही, विवाहापूर्वी एचआयव्ही तपासणी करावयाची, कुटुंब लहान ठेवावयाचे, असे ठरावही झाले. जमीन न विकण्याचा नियम पाण्याच्या नियमांशी सरळ निगडित आहे, कारण नव्या मालकास जुना करार बंधनकारक वाटत नाही. इतर नियमांविषयी मात्र मतभेद संभवतात. लहान गावात सार्वजनिक संमती व सार्वजनिक दडपण यांतील सीमा अंधुक असते, आणि ‘सर्वांनी मान्य केले’ या शब्दांत किती जण गप्प बसले होते, हे बाहेरच्यास कळत नाही.

२०१६ ते २०१९ या काळात पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेच्या निमित्ताने महाराष्ट्रातील असंख्य गावांनी उन्हाळ्याचे ४५ दिवस कुदळ-फावडे हाती घेऊन चर व बांध खणले. तो उत्साह खरा होता. पण ४५ दिवस खणणे आणि वर्षानुवर्षे आपल्या विहिरीवरील पंप आवरणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साठलेल्या पाण्यावर नवे बोअर उभे राहिले, म्हणजे परात पुन्हा रिकामी होते.

हिवरे बाजारात १९८९ नंतर सुमारे तीस वर्षे ग्रामपंचायतीसाठी मतदान झाले नाही. जागा एकमताने भरल्या जात. जानेवारी २०२१ मध्ये प्रथमच प्रतिस्पर्धी उमेदवार उभे राहिले आणि गावकऱ्यांना रांगेत उभे राहून मत द्यावे लागले. पवार यांच्या गटास सातही जागा मिळाल्या. निवडणूक झाली याचे अनेकांना वाईट वाटले. परंतु गावात दुसरे मत बाळगणारेही काही लोक आहेत, याची नोंद त्या दिवशी प्रथमच मतदानातून झाली.