जपून ठेवायच्या छायाचित्राचा कागद

आमच्या सभागृहाच्या भिंतीवर दोन काळांतील छायाचित्रे शेजारी शेजारी आहेत. जुन्या तुकड्यांची कृष्णधवल छायाचित्रे अद्याप स्पष्ट आहेत. त्यानंतर कित्येक वर्षांनी आम्ही इंकजेट प्रिंटरवर हौसेने छापून लावलेली रंगीत छायाचित्रे मात्र तांबूस होऊन विटली. त्यांतील काहींच्या मूळ फाइली संगणकाबरोबरच गेल्या. आता आहेत ती एवढीच. कागद घेताना आम्ही केवळ चकाकी पाहिली होती. घरोघरी तसबिरी लावणाऱ्या माजी विद्यार्थ्यांसाठी व पालकांसाठी, आम्हांस उशिरा उमगलेले येथे मांडीत आहोत.

कागदाआधी शाई पाहावी लागते. डाय शाईत रंग द्रवात विरघळलेला असतो. पिगमेंट शाईत रंगाचे सूक्ष्म घन कण असतात. विरघळलेल्या रंगाचे सुटे रेणू प्रकाशाने व हवेने लवकर मोडतात, कणाच्या गाभ्यातील रेणूंना बाहेरच्यांचा आडोसा मिळतो. टाकीच्या अनेक घरगुती प्रिंटरांत काळी शाई पिगमेंटची असली तरी रंगीत शाया डायच्याच असतात.

चकचकीत कागदाचे लेपन बहुधा सूक्ष्म छिद्रांचे असते. शाई त्यावर क्षणात वाळते, म्हणून ते लोकप्रिय झाले. परंतु त्याच छिद्रांतून हवा आत शिरते आणि तिच्यातील ओझोन बहुधा डाय शाईतील निळ्या रंगावर आधी आघात करतो. निळा गेला की तांबूस उरते. आमच्या भिंतीवरील खुणा अगदी अशाच आहेत. दुसरे लेपन शाई पिऊन फुगते व रंगाला आत कोंडून घेते. त्याने हवेपासून रक्षण होते. दमट हवेत मात्र रंग पसरतात, म्हणून कोकणातील पावसाळ्यात ते भरवशाचे नाही. कोऱ्या कोपऱ्यावर किंचित ओले बोट टेकवावे. चिकटले तर लेपन फुगणारे समजावे.

दुकानात प्रश्न येतो तो जाडीचा : १८० की २७० जीएसएम? हे केवळ एका चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन आहे, आयुष्याचे माप नव्हे. विचारायचे ते हे, की कागद आम्लमुक्त व लिग्निनविरहित आहे का, आणि त्यात ऑप्टिकल ब्राइटनर आहेत का. धुण्याच्या पावडरीतही असणारी ही द्रव्ये कागदाला झगझगीत पांढरेपणा देतात. कालांतराने त्यांचा प्रभाव ओसरतो आणि कागद पिवळट दिसू लागतो. नोटा तपासण्याच्या अतिनील दिव्याखाली असा कागद निळा चमकतो. ही परीक्षा फुकटची आहे, जरूर करावी.

आमची निवड शंभर टक्के सुती, ब्राइटनरविरहित मॅट कागद आणि पिगमेंट शाई अशी ठरली. खर्च कितीतरी पट येतो, म्हणून वाटायच्या प्रती साध्या कागदावरच काढाव्यात. कायमच्या चार-दोन प्रतींसाठीच हा खर्च करावा. घरी तसा प्रिंटर नसल्यास कलाकृतींच्या प्रती छापणाऱ्या स्टुडिओकडे जावे आणि शाई कोणती, हे स्पष्ट विचारावे. वेष्टनावरील वर्षांचा आकडा विशिष्ट शाई व ठरावीक प्रकाश गृहीत धरून काढलेला असतो. टाकीत दुसरीच शाई भरली की तो आकडा लागू होत नाही.

छापलेली प्रत चोवीस तास उघडी वाळवून मगच काचेआड घालावी. काच प्रतीला टेकू नये, एवढी पुठ्ठ्याची चौकट मध्ये असावी. आणि छापण्याआधीच, कागदाच्या मागे मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने नावे व वर्ष लिहावे. आमच्या जुन्या तसबिरींतील कित्येक मुले आता कोणालाच ओळखू येत नाहीत.