बाई खेळतात, आम्ही बघतो

मुलुंड (पूर्व),
श्रावण शुद्ध तृतीया

चि. मनू,

परवा भजनी मंडळात तुझ्या मोठ्या मामींच्या चाळीतल्या आजी भेटल्या. त्यांचा नातू तू शिकवतेस त्याच पहिलीच्या वर्गात बसतो, हे मला तोवर ठाऊक नव्हते. तुझा वर्ग कसा सजला आहे, भिंतींवर कसली सुंदर चित्रे आहेत, याचे त्यांनी मनापासून कौतुक केले; आणि मग बोलता बोलता म्हणाल्या, "शाळेत काय काय खेळलास असं विचारलं, तर म्हणतो, बाई खेळतात, आम्ही बघतो." त्या हसल्या. मला मात्र हसता आले नाही, आणि त्या रात्री झोपही धड लागली नाही.

ऐकीव वार्तेवर निवाडा देऊ नये, हा आपल्या घरचा शिरस्ता. तुझ्या आजोबांनी, अप्पांनी, सारी हयात कचेरीत काढली, पण दुसऱ्या बाजूची कैफियत ऐकल्याखेरीज कोणाला बोल लावला नाही. तथापि सहा वर्षांचे मूल अशा बाबतीत खोटी जबानी देत नाही. आणि तू पाठवलेली छायाचित्रे मी चष्मा लावून पुन्हा पाहिली, तेव्हा तीही त्या मुलाच्याच बाजूने उभी राहिली. पुठ्ठ्याची आगगाडी सुबक आहे, तिच्या बाराही डब्यांवरचे अंक सुरेख आहेत, दशक-एककाच्या खिडक्या खरोखरच उघडतात. परंतु प्रत्येक चित्रात त्या उघडणारे बोट तुझे आहे, आणि मुले हाताची घडी घालून ओळीत बसली आहेत. मने, साहित्य कोणाच्या हातात आहे?

ताराबाई मोडकांचे नाव तू परीक्षेपुरते पाठ केले असशील. राजकोटच्या अध्यापिका महाविद्यालयाचे प्राचार्यपद सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात गेल्या, 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला, 1936 मध्ये दादरला शिशुविहार निघाले, हे सनावळीत येते. खरी मौज पुढे आहे. 1945 मध्ये त्या बोर्डीला गेल्या, तेथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि 1957 मध्ये दोघींनी कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीच्या शेजारी बस्तान मांडले. माँटेसोरीबाईंचे मूळ साहित्य घोटीव लाकडाचे आणि महागडे. ते त्या रानात आणायचे कोठून? तेव्हा शिंपले, खडे, बिया, पाने, माती, जे ज्या मुलाच्या पायाखाली होते तेच त्याच्या हाती आले. मूल शाळेत येत नसेल, तर शाळाच त्याच्या अंगणात गेली. ज्या साधनाला मुलांना हात लावू द्यायला शिक्षिकेला भीती वाटेल, असे एकही साधन त्यांनी ठेवले नाही. तुझी आगगाडी, मला सांग, सुटीत कपाटात कुलूपबंद असते ना?

पोळी लाटायला शिकवायचे तर पोळपाट लेकीपुढे सरकवावाच लागतो, आणि पहिली पोळी देशाच्या नकाशासारखी झाली तरी ती हसत खावी लागते. तेव्हा सोमवारी एवढेच कर. चिंचोक्यांची परात मध्यभागी ठेव आणि तू भिंतीला टेकून बस. प्रत्येकाने एक मूठ उचलावी, मोजण्यापूर्वी अंदाज मोठ्याने सांगावा, मग मोजावे, आणि दहा झाले की त्यांचा ढीग निराळा करावा. कोणी सतरा म्हणेल, निघतील तेवीस. दोन ढीग आणि सुटे तीन समोर पडले, म्हणजे तेवीस या संख्येतला दोनाचा आकडा दोन का नाही, वीस का आहे, हे तुझ्या खिडक्या उघडण्यापूर्वीच त्याच्या ध्यानात येईल. दुसऱ्या दिवशी वर्गाची लांबी पावलांनी मोजायला सांग, टाचेला अंगठा लावून. एकीची चौतीस पावले भरतील, दुसऱ्याची एकोणतीस, तुझी पंचवीस. मग भांडण जुंपेल, कोण खोटा म्हणून. ते भांडण तू मिटवू नकोस, कारण त्यातूनच कोणीतरी म्हणेल की सगळ्यांनी एकाच पावलाने मोजू या, आणि त्या क्षणी फूटपट्टीची गरज त्यांची स्वतःची झालेली असेल. गलका होईल, शेजारच्या वर्गातून निरोप येईल, येऊ दे.

मुले असमर्थ आहेत, सांडतील, तोडतील, असे तुला वाटत असेल, तर ती कोठून येतात ते पाहा. असल्फ्याच्या डोंगरावरून धाकट्या भावाला कडेवर घेऊन जी पोर रोज पायऱ्या उतरते, नळाच्या रांगेत आपला हंडा कितवा हे अचूक सांगते, धीमी गाडी कोणती आणि जलद कोणती हे फलकावर ओळखते, तिच्या हाती पुठ्ठ्याचा डबा द्यायला आपण का कचरावे?

सरकारी फर्मानांची ढाल पुढे करू नकोस. 22 जून 2015 चा प्रगत शैक्षणिक महाराष्ट्राचा निर्णय मीही वाचला आहे, आणि 2026-27 पर्यंत तिसरी संपताना प्रत्येक मुलाला वाचन व अंकज्ञान यावे हे 2021 च्या निपुण भारत अभियानाचे उद्दिष्टही मला मान्य आहे. दोहोंत कोठेही मुलांनी हाताची घडी घालावी असे म्हटलेले नाही. साताऱ्याकडील कुमठे बीटातल्या शाळांत मुले खडे-काड्यांनी गणित करू लागली, ते पाहायला गावोगावचे शिक्षक गेले; परंतु काहींनी येताना फक्त जमिनीवरची रेखाटने आणली. फरशीचा रंग जाईल म्हणून त्या रेखाटनांवर मुलांना पाय ठेवू न देणारी एक शाळा मी स्वतः पाहिली आहे. तुझ्या वर्गाचे तसे होऊ नये, एवढीच माझी धास्ती आहे, आणि म्हणून पुनःपुन्हा तेच विचारते: साहित्य कोणाच्या हातात आहे?

एक गोष्ट तुझ्या बाबांनाही ठाऊक नाही, तू सांगूही नकोस. महापालिकेच्या शाळेत लागून मला थोडीच वर्षे झाली होती. ताराबाई 1973 मध्ये निवर्तल्या होत्या, पण अनुताई कोसबाडला उमेदीने काम करीत होत्या. तेथे जाऊन राहावे, हाताखाली पडेल ते करावे, असा अर्ज मी लिहिला. त्याच महिन्यात तुझ्या बाबांची फी भरायची होती आणि अप्पांना निवृत्त होऊन वर्ष झाले होते. अर्ज टपालपेटीपर्यंत गेला नाही. तुझ्या बाबांचे शिक्षण झाले, याचा मला आजही आनंदच आहे. तरी कोसबाडच्या वाटेवरची डहाणूची गाडी फलकावर दिसली की पाय अजून क्षणभर थबकतो. आपल्या घरात पुन्हा कोणी पहिलीचा वर्ग घेते आहे, म्हणून तर माझा जीव त्यात इतका गुंतला.

एवढे लिहून पुन्हा वाचले, आणि वाटले, मी फारच कठोर झाले. तुझ्यावरची माहिती भरण्याची सक्ती, हजेरीपट, निवडणुकीच्या याद्या, आणि "उपक्रमाचे छायाचित्र त्वरित पाठवावे" हा वरून येणारा हुकूम, हे सारे मला कळते. खेळणाऱ्या मुलांचे छायाचित्र हलते, हाताची घडी घातलेल्यांचे स्वच्छ येते. त्यात दोष तुझा एकटीचा नाही. वहिनी सांगत होती की रात्री बारा-बारापर्यंत तू पुठ्ठे कापतेस, बोटांना डिंकाची पुटे चढली आहेत, आणि खर्च तुझ्याच पगारातून होतो. जी मुलांसाठी इतकी जागते, तिला आत्याने रागे भरावे, हे बरे नव्हे. खरे तर तुझे अर्धे श्रम मला कमी करायचे आहेत: आगगाडी उद्या त्यांनाच बनवू दे, डबे वाकडे होऊ देत, आणि तू दहाला झोप.

नागपंचमीला ये. पुरणाची दिंडे करणार आहे. साजूक तूप कमी घालत जा, असे यंदा म्हणणार नाही. चिंचोके धुऊन, वाळवून दोन पिशव्या भरून ठेवल्या आहेत, त्या जाताना घेऊन जा. शाळेचा विषय तू काढलास तरच निघेल. आणि या पत्राचा राग आला असेल, तर येऊन भांड. पण अबोला धरू नकोस, तेवढे मला सोसायचे नाही.

गाडीला गर्दी असेल, दारात उभी राहू नकोस.

तुझी,
आत्या