संवेदनेच्या दोन वाटा

तापलेला तवा हाताला लागून फोड आला, पण वेदना मुळीच जाणवली नाही, ही हकिकत रुग्ण बहुधा तक्रार म्हणून सांगतच नाही, कारण जे दुखत नाही ते घातक नाही, अशी आपणा सर्वांची दृढ समजूत असते. वाचकांना माझे कळकळीचे सांगणे असे की, वेदनेचा अभाव हा वेदनेइतकाच दखल घेण्याजोगा आहे.

शरीराची खबर मेंदूस पोहोचविणाऱ्या मज्जारज्जूत दोन मुख्य वाटा आहेत. सूक्ष्म स्पर्श, कंप आणि सांध्यांची स्थिती यांचे ज्ञान मागील भागातून त्याच बाजूने वर चढते व मेंदूच्या तळाशी बाजू बदलते. वेदना आणि उष्णशीत यांचे ज्ञान मात्र मज्जारज्जूत शिरल्यावर थोड्याच अंतरात विरुद्ध बाजूस जाते. म्हणूनच, शरीरक्रियाशास्त्रज्ञ ब्राऊन-सेकार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दाखविल्याप्रमाणे, मज्जारज्जूचा उजवा अर्धा भाग दुखावला तर उजवा पाय दुर्बळ होऊन त्याच्या स्थितीचे भान हरपते, आणि टाचणीची बोच कळेनाशी होते ती डाव्या पायाला. मज्जारज्जूच्या मध्यभागी पोकळी झाली तर बाजू ओलांडणारे तंतू प्रथम नष्ट होतात. मग हातांना स्पर्श कळतो, चटका कळत नाही. मात्र बिघाड नेहमी मज्जारज्जूतच असतो असे नाही; बधिरतेबरोबर त्वचेवर फिकट चट्टा असेल, तर कुष्ठरोगाची तपासणी अगोदर करावी. त्यावर खात्रीचा इलाज आहे.

मागील वाट बिघडविणारे, परंतु टाळता येण्याजोगे कारण म्हणजे बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव. दूधदुभतेही वर्ज्य करणारे शाकाहारी, जठराची शस्त्रक्रिया झालेले, आणि मधुमेहासाठी दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणारे यांनी विशेष सावध राहावे. पायांना मुंग्या येतात, कापसावरून चालल्यासारखे वाटते, आणि तोंड धुताना डोळे मिटताच तोल जातो, कारण पायांची हरपलेली खबर तोवर डोळे पुरवीत असतात. अशा वेळी स्वतःच्या मनाने केवळ फॉलिक आम्लाच्या गोळ्या घेऊ नयेत. त्यांनी रक्त सुधारते, मज्जारज्जूची हानी मात्र चालूच राहते. बी-१२ची इंजेक्शने वेळीच मिळाली तर पुष्कळ सुधारणा होते. दिरंगाईने झालेली हानी कायम राहू शकते.

बधिरता पायांकडून कमरेकडे चढू लागली, बैठकीची जागा बधिर झाली, अथवा लघवी अडली, तर त्याच दिवशी, विलंब न लावता, रुग्णालय गाठावे. इतरांनी स्नानाचे पाणी शाबूत संवेदनेच्या अवयवाने पारखावे, अनवाणी फिरू नये, रात्री दिवा ठेवावा, आणि हातापायांवरील जखमा रोज डोळ्यांनी तपासाव्यात. वैद्याकडे जाताना नुसते 'बधिर वाटते' असे न सांगता, स्पर्श, चटका की तोल, यांपैकी काय हरपले, कोणत्या बाजूस आणि केव्हापासून, हा तपशील अवश्य द्यावा. बिघाड मज्जारज्जूच्या कोणत्या भागात आहे, याचा पहिला पुरावा त्यातूनच मिळतो.