धुक्यातील प्रवास आणि आपली मुले

परदेशी स्थायिक झालेल्या आप्तांकडून बर्फावर गाडी चालविण्याच्या गोष्टी आपण ऐकतो. बालाघाटात बर्फ पडत नाही. परंतु डिसेंबर-जानेवारीत वैनगंगेच्या खोऱ्यात उतरणारे धुके चालकाची तशीच परीक्षा घेते. निरभ्र रात्र, थांबलेला वारा आणि नदी, तलाव व धानाच्या बांध्यांतील ओलावा एकत्र आले की पहाटे धुके दाटते. धान विक्रीस नेणाऱ्या, मागे दिवा नसलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या याच दिवसांत रस्त्यावर असतात.

वेगाचे गणित

दृश्यता ५० मीटरपेक्षा कमी झाली की हवामानशास्त्र त्यास अतिदाट धुके म्हणते. ताशी ६० कि.मी. वेगात गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर धावते. धोका ओळखून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद धरला, तर ओल्या रस्त्यावर गाडी थांबण्यास सुमारे ६० मीटर लागतात. ४० च्या वेगात ३३, तर ३० च्या वेगात सुमारे २१ मीटर. समोरूनही वाहन येत असेल तर ५० मीटरचे अंतर दोघांत वाटले जाते. म्हणजे ३० हाच सुरक्षित वेग ठरतो. नियम एकच : जेवढे दिसते, त्याच्या निम्म्या अंतरात थांबता आले पाहिजे.

चालकासाठी

१. दिवे खाली झुकलेले ठेवावेत. प्रखर झोत धुक्याच्या थेंबांवरून परतून डोळ्यांवर येतो.
२. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नयेत. वळण्याचा इशारा त्यांत हरवतो.
३. पुढील वाहनाच्या लाल दिव्यामागे चिकटून जाऊ नये. ओव्हरटेक टाळावे.
४. काचेवर आतून वाफ धरल्यास एसीची हवा काचेकडे वळवावी.
५. थांबायचेच असेल तर गाडी डांबरी रस्त्याच्या पूर्ण बाहेर घ्यावी.

मुलांसाठी

मांडीवरील मूल सुरक्षित असते, हा समज घातक आहे. ४० च्या वेगातील गाडी धडकेने एक दशांश सेकंदात थांबली, तर १० किलोचे बाळ हातांना शंभर किलोहून अधिक वजनाचे भासते. कोणतीही आई ते धरू शकत नाही. बाळास बालआसनात बसवावे. पट्टा अंगाशी बांधून मगच वरून शाल घालावी, कारण जाड स्वेटरवर बांधलेला पट्टा सैल राहतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यानेही १४ वर्षांखालील मुलांसाठी सुरक्षापट्टा किंवा बालआसन बंधनकारक केले आहे.

व्यावसायिक बंधूंसाठी

गंभीर बालकास गोंदिया वा नागपूरला पाठविण्याची घाई आपण समजू शकतो. तथापि दाट धुक्यात त्या प्रवासाला नेहमीपेक्षा बराच अधिक वेळ लागणार, हे गृहीत धरावे. श्वसनमार्ग, प्राणवायू, रक्तशर्करा व शरीराचे तापमान स्थिर करूनच बालकास हलवावे. प्राणवायूचा साठा वाढीव वेळेच्या हिशेबाने द्यावा आणि पुढील रुग्णालयास दूरध्वनीने कळवावे. नवजात अर्भकाची आई रुग्णवाहिकेच्या स्ट्रेचरवर पट्ट्याने सुरक्षित असावी व बाळ तिच्या छातीशी त्वचास्पर्शात बांधलेले असावे. चालकास “लवकर पोहोचव” असे न म्हणता “जपून ने” असे सांगावे. उपचारांचा आरंभ येथेच झालेला असेल, तर हे सांगणे आपल्याला सोपे जाते.