तळ्यांचे वैद्य

आपल्या नागपुराच्या पूर्वेस भंडारा-गोंदिया भागांत कोहळी लोकांनीं बांधलेलीं मालगुजारी तळीं आहेत. १९५० च्या कायद्यानें मालगुजारी गेली, तळीं सरकारकडे आलीं. पुढें त्यांत बेशरम माजली, देशी मासे घटले, व ढिवरांचीं जाळीं रितीं येऊं लागलीं. तेव्हां भंडारा निसर्ग व संस्कृति अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर हे शिकावयास ढिवरांकडेच गेले. कोणता मासा कोणत्या पाणवनस्पतींत अंडीं घालतो, हें पतीराम तुमसरे यांच्यासारख्या जाणत्यांस ठाऊक होतें. आम्हां शिक्षकांस कोठलें! मग बेशरम उपटिली, उन्हाळ्यांत तळ्याचा तळ नांगरिला, व देशी पाणवनस्पति लाविल्या. निमगांवच्या शालू कोल्हे यांनीं ढिवर स्त्रियांस या कामीं संघटित केलें. अर्जुनीच्या नव तलावांत मासे परतले, आणि त्यांच्यामागून पक्षीहि.