मालाविषयीं नवें काय सांगावें?

आमच्या संघाचे जे सभासद आपला कांदा व डाळिंब केवळ आडत्याच्या भरंवशावर न ठेवतां मालेगांव, नाशिक व मुंबई येथील गिऱ्हाइकांस थेट विकूं लागले आहेत, त्यांच्याकडून अलीकडे एक तक्रार वारंवार ऐकूं येते. पहिलें पत्रक काढलें तेव्हां लोकांनीं तें वाचलें. मोबाईलवरील गटांत पहिले चार संदेश टाकले तेव्हां चौकश्या आल्या व मालही खपला. पुढें मात्र काय लिहावें हेंच सुचेनासें झालें. "उत्कृष्ट माल, माफक दर, एकवार अवश्य अनुभव घ्यावा" ही एकच ओळ दर आठवड्यास फिरूं लागली आणि गिऱ्हाइकांनीं ती वाचणें सोडून दिलें. विहिरीस झरा नसला म्हणजे पावसाचें सांठलेलें पाणी चार मोटांत आटतें, तशीच ही गत होय. हा झरा कोठें लागतो, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

हा प्रश्न केवळ लेखनाच्या हौसेचा नव्हे. भाव कोसळल्यामुळें काढलेला कांदा उकिरड्यावर टाकण्याची पाळी ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस ओळखीच्या गिऱ्हाइकाची किंमत सांगावयास नको. अशी ओळख एका पत्रकानें होत नाहीं. बोलणें चालू राहिलें तरच ती टिकते.

आपल्या महाराष्ट्रांत या कामाचा उत्तम धडा एका नांगरवाल्यानें घालून दिला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं बेळगांवीं लोखंडी नांगर तयार केला, तेव्हां शेतकरी तो घेईनात. लोखंडानें जमिनीस विष चढेल, अशी पुष्कळांची समजूत होती. नांगर उत्कृष्ट आहे असें शंभर वेळां सांगून ही शंका फिटणारी नव्हती. जो विक्रेता ती शंका कान देऊन ऐकेल, त्यासच काय बोलावें हें कळणार होतें. १९१० सालीं कारखाना किर्लोस्करवाडीस आला आणि १९२० सालीं शंकरराव किर्लोस्कर यांनीं "किर्लोस्कर खबर" हें मासिक सुरू केलें. आरंभीं कारखान्याची व त्याच्या मालाची खबर देणारें हें पत्र हळूहळू वाचकांच्या संसाराचे व समाजाचे प्रश्न बोलूं लागलें, आणि १९२९ सालीं नांवांतील "खबर" गळून तें "किर्लोस्कर" मासिक झालें. अमेरिकेंत जॉन डिअर या औजारें करणाऱ्या पेढीनें १८९५ सालीं "फरो", म्हणजे तास, या नांवाचें पत्र शेतकऱ्यांसाठीं काढलें. तें आजही निघतें. या दोघांसही मजकूर कमी पडला नाहीं, कारण त्यांनीं नांगराइतकेंच नांगर धरणाऱ्याकडे लक्ष दिलें.

दुसरें उदाहरण आपल्या तालुक्यांतीलच आहे. वालचंद हिराचंद यांनीं १९३३ सालीं रावळगांव शुगर फार्म ही कंपनी स्थापन केली आणि १९४० नंतरच्या दशकांत तेथील गोळ्या गांवाच्याच नांवानें बाजारांत आल्या. पुढें "पान पसंद" या गोळीची जाहिरात दूरदर्शनवर येऊं लागली. तींत साखरेचा कस किंवा यंत्रांची थोरवी सांगितलेली नव्हती. फटकळ स्वरांत काढलेलें एक वाक्य, गोळी तोंडांत पडतांच तेंच वाक्य लाडिक स्वरांत, एवढाच काय तो विनोद. पण असा स्वर प्रत्येकानें घरांत ऐकलेला असल्यामुळें तो घरोघर लक्षांत राहिला. २०२४ च्या फेब्रुवारींत या गोळ्यांचीं नांवें, कृति व तत्संबंधीं हक्क रिलायन्स समूहांतील एका कंपनीनें २७ कोटी रुपयांस विकत घेतले. जमीन, इमारती व यंत्रें मूळ कंपनीकडेच राहिलीं. जमिनीवांचून, यंत्रांवांचून केवळ नांवास व कृतीस एवढें मोल आलें, हें शेतकऱ्यानें नीट ध्यानांत घ्यावें.

आतां झऱ्यांकडे वळूं. पहिला व सर्वांत जिवंत झरा म्हणजे गिऱ्हाइकाचा प्रश्न. गेल्या वैशाखांत आमच्या एका सभासदाकडे कांदा घ्यावयास आलेल्या बाईंनीं विचारिलें, "भाऊ, हा कांदा पोळ्यापर्यंत टिकेल ना?" त्यांनीं "हो ताई, खुशाल न्या" एवढें उत्तर दिलें आणि तो प्रश्न तेथेंच विसरले. त्याच रात्रीं त्यांचा मुलगा आम्हांस विचारीत होता कीं, उद्यांच्या संदेशांत काय लिहूं? मजकूर दारीं येऊन परत गेला होता. एका बाईंनीं विचारिलेला प्रश्न न विचारणाऱ्या अनेकांच्या मनांत असतो. म्हणून तो तिच्याच शब्दांत टिपून ठेवावा.

दुसरा झरा पिकाच्या दिनमानाचा. आपल्या कसमादे भागांत कांदा पोळ, रांगडा व उन्हाळी अशा तीन हंगामांत येतो. आपणांस यांतील भेद पाटीच्या धड्याइतका सोपा वाटतो. परंतु पोळ कांदा सांठवणीस कां टिकत नाहीं आणि उन्हाळी चाळींत महिनेच्या महिने कसा राहतो, हें शहरांतील माणसास ठाऊक नसतें. डाळिंबाचा मृग, हस्त व आंबे बहार, बागेस दिलेला ताण, फूल धरल्यापासून भगवा वाण तयार होण्यास लागणारे सुमारें सहा महिने, यांपैकीं प्रत्येक गोष्ट ज्या त्या वेळीं सांगण्याजोगी आहे.

तिसरा झरा स्वतःच्या नोंदींचा. छाटणी कधीं केली, पाणी कितव्या दिवशीं दिलें, शेवटची फवारणी कोणती व तोडणीच्या किती दिवस आधीं झाली, हें ज्याच्या वहींत आहे त्यास विशेषणें शोधावीं लागत नाहींत. "ताजें फळ" म्हणण्यापेक्षां "मंगळवारीं सकाळीं तोडलेलें फळ" असें म्हणणें अधिक वजनाचें असतें.

चौथा झरा दोषाचा. उन्हानें सालीवर डाग पडलेलें डाळिंब आंतून उत्तम असूं शकतें. तें लपवून टोपलीच्या तळाशीं घातलें तर गिऱ्हाईक तुटतें. कापून, दाणा दाखवून, वेगळ्या भावानें विकलें तर तेंच गिऱ्हाईक पुढील खेपेस आपण होऊन येतें.

पांचवा झरा आपल्या गांवाचा. मालेगांवांत उर्दू वाचणारा वर्ग मोठा आहे. तरीही आमच्या सभासदांचीं बहुतेक पत्रकें केवळ मराठींत असतात. रमजानांत रोजा सोडण्यासाठीं फळांस मागणी वाढते आणि यंत्रमागांस शुक्रवारची सुटी असते, हें ज्यास ठाऊक आहे त्यानें आपली खबर गुरुवारीं व दोन्ही भाषांत कां देऊं नये? शेजाऱ्याच्या दिनक्रमाचा विचार केला म्हणजे काय सांगावें याबरोबर कधीं सांगावें हेंही उमगतें.

आतां वरील बाईंच्या प्रश्नाचाच मजकूर करून दाखवितों:

"आमचा कांदा पोळ्यापर्यंत टिकेल काय, असें एका ताईंनीं विचारिलें. हा कांदा चैत्रांत काढला. पातीसह शेतांत सुकविला, मान बोटाच्या पेरभर ठेवून पात कापली व मग सावलींत वाळविला. बारीक मानेचा, कोरड्या पापुद्र्याचा कांदा हवेशीर टोपलींत ठेवावा. पिशवींत कोंडूं नये व बटाट्यांत मिसळूं नये. जाड मानेचे कांदे आम्हीं निवडून वेगळे केले आहेत. ते आधीं वापरावयाचे असल्यानें कमी भावानें देतों."

यांत "उत्कृष्ट" हा शब्द एकदाही आलेला नाहीं. तथापि वाचणारास मालाची पारख व विकणाराचा भरंवसा हीं दोन्ही मिळालीं. शिवाय जाड मान कां होते, चाळींत हवा कशी खेळवितात, मोड आलेल्या कांद्याचें काय करावें, असे पुढील तीन आठवड्यांचे विषय याच प्रश्नाच्या पोटीं निघाले.

एक इशारा देणें आमचें कर्तव्य आहे. नवेपणाच्या हव्यासानें खोटें बोलूं नये. फवारलेल्या मालास बिनफवारणीचा म्हणूं नये. फळानें अमुक रोग बरा होतो असें छापूं नये. लासलगांवच्या कांद्यास भौगोलिक निर्देशांक मिळालेला आहे. त्या नोंदणींत न बसणाऱ्या कांद्यावर तें नांव लावणें हें दुसऱ्याच्या बांधांत नांगर घालण्यासारखें होय. गिऱ्हाइकाचें नांव किंवा छायाचित्रही त्याच्या संमतीवांचून प्रसिद्ध करूं नये.

सभासदांस आमची विनंती एवढीच कीं, विक्रीच्या ठिकाणीं एक लहान वही बांधून ठेवावी. तींत चार रकाने असावेत: तारीख, कोणत्या प्रकारच्या गिऱ्हाइकानें विचारिलें, त्याचे शब्द, आणि आपलें उत्तर व त्याचा पुरावा. उत्तर ठाऊक नसल्यास रकाना कोरा ठेवावा व जाणत्यास विचारून भरावा. दर बुधवारीं रात्रीं त्यांतील एकच प्रश्न निवडून दुसऱ्या दिवसाचा मजकूर लिहावा. ज्या आठवड्यांत वहींत एकही प्रश्न आला नाहीं, त्या आठवड्यांत नवी युक्ति शोधीत बसण्यापेक्षां चार गिऱ्हाइकांस आपण होऊन विचारावें कीं, मागील माल कसा निघाला?

अशा वह्या घेऊन सभासदांनीं पुढील मासिक बैठकीस यावें. तेथें त्या वाचूं, एकाचें उत्तर दुसऱ्यास देऊं आणि ज्या प्रश्नांचें उत्तर आपणांपैकीं कोणासच ठाऊक नाहीं, ते कृषि विज्ञान केंद्राकडे पाठवूं. त्या उत्तरांतून मजकूर तर मिळेलच, परंतु आपली शेतीही एक पाऊल पुढें जाईल.