कुंडलिकेच्या प्रवाहात : एका सहलीची पूर्वतयारी



नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, अशी आपल्या भाषेत एक जुनी म्हण आहे. ऋषींच्या कुळाविषयी मी काही बोलत नाही. परंतु ज्यास रबरी तराफ्यात बसून वेगवान नदीतून प्रवास करावयाचा आहे, त्याने नदीचे मूळ आधी शोधलेच पाहिजे. वरच्या वर्गांतील काही विद्यार्थ्यांनी अशी सहल रायगड जिल्ह्यातील कोलाड येथे, कुंडलिका नदीवर न्यावी, अशी मागणी केली आहे. ती ऐकून काही पालकांनी विचारले, ‘केवळ मौजेखातर मुलांचा जीव धोक्यात का घालावा?’ प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर ‘काही होत नाही हो’ असे देणे, हे उत्तर नव्हे. योग्य उत्तर म्हणजे पूर्वतयारी. यास्तव तिचाच येथे क्रमाने विचार करू.

मीरा रोडच्या मुलांस पाणी अपरिचित नाही. भाईंदरच्या उत्तरेस वसईची खाडी आहे, मिठागरे आहेत, आणि भरती-ओहोटी आपण लहानपणापासून पाहतो. आपल्या खाडीचे पाणी चंद्राच्या तंत्राने चालते. कुंडलिकेचे पाणी मात्र विजेच्या तंत्राने चालते! पुणे जिल्ह्यात मुळा नदीवर मुळशीचे धरण आहे. मुळा स्वभावतः पूर्ववाहिनी. पुण्यास मुठेला मिळून, पुढे भीमा व कृष्णा यांच्या संगतीने तिचे पाणी बंगालच्या उपसागरास जावयाचे. परंतु धरणाने अडविलेले पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेस वळविले आहे. ते सुमारे ५०० मीटर खाली भिरा येथील वीजगृहात उतरते, आणि चक्रे फिरवून झाल्यावर कुंडलिकेत येते. हे वीजगृह १९२७ साली सुरू झाले. अशा रीतीने पूर्वसमुद्रास जावयाचे पाणी रोह्यावरून रेवदंड्याजवळ अरबी समुद्रास मिळते. उन्हाळ्यात कोकणातील इतर नद्या आटल्या तरी कुंडलिका खळाळत राहते, याचे कारण हेच.

आता यातून सहलीचे वेळापत्रक कसे निघते ते पाहा. वीजनिर्मितीनंतरचे पाणी सामान्यतः सकाळी सोडले जाते. त्या लोंढ्याबरोबरच तराफे निघतात. म्हणजे नदी आपल्यासाठी थांबणार नाही, आपणच तिच्या वेळेस हजर राहावयाचे. समजा, आठ वाजता काठावर पोहोचावयाचे आहे. मीरा रोडहून घोडबंदर, ठाणे, पनवेल, पेण, नागोठणे या मार्गाने कोलाड सुमारे १३० किलोमीटर आहे. ताशी सरासरी ४० किलोमीटर धरल्यास सव्वातीन तास होतात. वाटेतील विश्रांतीस अर्धा तास, रस्त्यावरील खोळंब्यास पाऊण तास. बेरीज साडेचार तास. म्हणजे पहाटे साडेतीनला निघावयास हवे. ते शक्य नसेल तर आदल्या दिवशीच जाऊन मुक्काम करावा. रात्रभर जागलेले मूल नदीत उतरविणे हा शहाणपणा नव्हे. तसेच निघण्यापूर्वी त्या दिवशी पाणी सुटणार आहे की नाही, याची चौकशी आदल्या सायंकाळी करावी.

नदीचा वापरावयाचा पट्टा सुमारे १२ किलोमीटरांचा असतो. खळाळांच्या अवघडपणाच्या जगभर सहा प्रती मानतात. पहिली संथ, सहावी जवळजवळ अशक्य. कुंडलिका सर्वसाधारणपणे दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीत मोडते. नवख्यास ती पेलते; पण दुर्लक्ष केलेले तिला खपत नाही. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, हे पदार्थविज्ञानाच्या तासाला शिकलेले सूत्र येथे दंडाला प्रत्यक्ष जाणवते.

मार्गदर्शक नदी कशी वाचतो, हेही समजून घ्या. पाण्यावर बाणाच्या टोकासारखी आकृती दिसते. टोक प्रवाहाच्या दिशेस असेल तर दोन खडकांमधील मोकळी वाट समजावी; टोक आपल्याकडे असेल तर तेथे पाण्याखाली खडक दडला आहे. मोठ्या खडकाच्या आड पाणी उलट फिरते. तेथे तराफा विसावा घेऊ शकतो. ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ ही म्हण खरी, परंतु नाविकाने तिचा अर्थ नीट घ्यावा. खळखळाट संकटाची वर्दी तरी देतो. मुकाट वाहणारे पाणी, त्यात झाडाच्या फांद्या अडकल्या असतील तर, अधिक घातकी ठरते.

साहित्याविषयी : प्रत्येकास मापाचे लाइफ जॅकेट व हेल्मेट हवे. जॅकेटचे पट्टे बांधल्यावर खांद्याला धरून वर ओढावे. ते कानांपर्यंत सरकले तर सैल आहे असे समजावे. पायांत घट्ट बसणारे बूट असावेत, चपला नकोत. तराफ्यात हवेचे कप्पे वेगवेगळे असतात, म्हणून एक फुटला तरी तो बुडत नाही. वल्ह्याची मूठ हातातून कधीही सोडू नये. शेजाऱ्याचे दात बहुधा तिनेच पडतात!

पाण्यात पडल्यास काय करावे? उताणे व्हावे, पाय वर उचलून प्रवाहाच्या दिशेस ठेवावेत, आणि फेकलेला दोर छातीशी धरावा. वाहत्या पाण्यात उभे राहण्याचा यत्न मुळीच करू नये; पाऊल दोन दगडांत अडकले की प्रवाह माणसास लोटून पाण्याखाली दाबतो, मग गुडघाभर पाणीही जीव घेऊ शकते. हा नियम काठावर दहा वेळा म्हणून घ्यावा.

एका तराफ्यात मार्गदर्शकाशिवाय आठ जण धरले तर ३५ विद्यार्थी व ५ शिक्षक यांस ५ तराफे लागतील, आणि प्रत्येकात एक शिक्षक राहील. चौदा वर्षांखालील मुलांस बहुतेक व्यावसायिक घेत नाहीत. आपणही घेऊ नये. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली साहसी पर्यटनाविषयी धोरण जाहीर केले; त्यानुसार केलेल्या नोंदणीचा दाखला आधी मागून पाहावा. मुसळधार पावसात नदी फुगली तर सहल रद्द करावी, आणि तो निर्णय मार्गदर्शकाचा असावा. आधीच पैसे भरले आहेत, ही सबब त्याच्यापुढे मांडू नये.

पालकांस एक नम्र विनंती. दमा, फेफरे, हृदयाचा विकार, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, यांपैकी काही असल्यास संमतिपत्रात स्पष्ट लिहावे. मुलाचा हिरमोड होईल म्हणून दुखणे लपविणे ही माया नव्हे. आणि मित्रहो, तुमच्यापैकी कोणास ऐन वेळी भीती वाटली तर तसे मोकळेपणाने सांगा. काठावर थांबणारा भित्रा नव्हे. त्यास हसणारा मात्र तराफ्यात बसावयास अपात्र आहे. कारण तराफा आठ वल्ह्यांच्या एकदिलानेच चालतो.

शेवटी पुन्हा मुळाकडे येतो. मुळशीच्या धरणाखाली मावळातील अनेक गावे व भातशेते बुडाली. त्याविरुद्ध १९२१ साली रामनवमीस शेतकऱ्यांनी सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट यांस ‘सेनापती’ ही पदवी त्याच लढ्याने दिली. लढा यशस्वी झाला नाही, धरण झाले. ज्या पाण्यावर आपण तासाभराची मौज करणार, त्यासाठी कोणी तरी आपले घरदार कायमचे गमावले आहे. म्हणून तराफ्यात पाय ठेवण्यापूर्वी क्षणभर स्तब्ध उभे राहून त्यांचे स्मरण करावे, नदीत कागदाचा कपटाही टाकू नये, आणि मगच वल्हे हाती घ्यावे. नदीचे मूळ शोधणाऱ्यास एवढी कृतज्ञता आपोआप सुचेल, असा मला भरवसा आहे.